अहो, दार लावा

कोरेगाव तालुक्यातल्या आपल्या गावात हौसेराव एका कर्नलच्या हाताखाली कामाला आहेत, असा अजूनही बऱ्याच जणांचा समज आहे. गाव फौजी. घरटी एक माणूस पलटणीत, त्यामुळं कर्नेल म्हटलं काय किंवा कर्नल म्हटलं काय, तिथं एकच अर्थ निघतो. हौसेरावांचे सासरे निवृत्त सुभेदार होते. दर दिवाळीला जावई पाटावर बसला की ते विचारायचे, "काय म्हणतात तुमचे कर्नलसाहेब? कडक आहेत का?"

"कडक आहेत. अर्धवट काही चालत नाही त्यांना."

सुभेदार खूश व्हायचे. मुलगी योग्य घरी दिली, असं त्यांना पुन्हा एकदा वाटायचं.

हौसेराव खोटं बोलत नव्हते. नवी मुंबईत, महाप्याच्या एका लहानशा कंपनीत एक डबा तयार व्हायचा. शीतगृहाच्या भिंतीवर तो लावायचा. आत किती थंड आहे ते त्यानं मोजायचं, आणि दार उघडं राहिलं तर सांगायचं. डब्यात एक छोटा कॉम्प्युटर होता. त्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात खाली बसलेला, सगळ्यांना जागा आणि वेळ वाटून देणारा जो प्रोग्राम, तो कर्नेल. हौसेरावांची नोकरी त्या तळमजल्यावरची. आणि तळमजल्यावर त्यांचा एकच नियम होता: इथं दशांश चिन्ह आणायचं नाही. साडेचार अंश सांगायचे असतील तर साडेचार हजार सहस्रांश सांगा. आकडा पूर्ण पाहिजे. ऑफिसातली पोरं त्यांना पाठीमागं 'पूर्णांक सर' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं आणि त्यात चुकीचं काही आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

हा नियम का, ते त्यांनी खूप जणांना खूप तऱ्हांनी समजावलं होतं. पण सगळ्यात चांगलं समजावलं ते त्यांच्या बायकोनं, विजयमालाबाईंनी. त्या जुईनगरच्या एका शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवायच्या. एकदा भाकरी करता करता त्यांनी विचारलं, "तुमच्या त्या कर्नेलला अपूर्णांकाचं एवढं वावडं कशाचं?"

हौसेराव ओट्याला टेकून सांगायला लागले. दशांशाची गणितं करायला कॉम्प्युटरमध्ये वेगळे कप्पे असतात. वरचा एखादा प्रोग्राम त्या कप्प्यांत आपलं गणित अर्धं मांडून बसलेला असतो. तेवढ्यात कर्नेलला काहीतरी तातडीचं काम निघतं. तो त्या प्रोग्रामला जागच्या जागी थांबवतो, आपलं काम उरकतो आणि त्याला पुन्हा सुरू करतो. जाताना बाकीचं सामान जसंच्या तसं ठेवून जातो, पण हे दशांशाचे कप्पे उचलून ठेवायला वेळ लागतो, म्हणून तो ते उचलतही नाही आणि त्यांना हातही लावत नाही. लावला, तर त्या प्रोग्रामचं अर्धं गणित पुसलं जाईल. आणि त्याला ते कधी कळणारसुद्धा नाही.

विजयमालाबाईंनी परातीतलं पीठ मळत ऐकून घेतलं. "म्हणजे मी पीठ मळताना फोन आला म्हणून बाहेर गेले, तर तुम्ही आत येऊन माझ्या परातीत हात धुवायचे नाहीत. एवढंच ना?"

एवढंच होतं. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात त्याला परातीचा नियम म्हणायला लागले.

डब्याला आवाज दिला तोही विजयमालाबाईंनीच. सुरुवातीला डबा नुसता टूं टूं करायचा. शीतगृहात काम करणारी माणसं दिवसभर मागं येणाऱ्या टेम्पोंची टूं टूं ऐकत असतात, त्यामुळं ती ऐकूनही कोणी मान वळवायचं नाही. डब्यानं बोललं पाहिजे असं ठरलं. कंपनी तेव्हा एका गाळ्यात होती आणि आवाजासाठी कलाकार बोलवायची तिची ऐपत नव्हती. मालक केतन म्हणाला, "सर, मॅडम शिकवतात ना? त्यांचा आवाज क्लिअर असणार."

मग एका रविवारी बेडरूममध्ये गाद्या भिंतीला लावून रेकॉर्डिंग झालं. विजयमालाबाईंनी आकडे म्हटले, उणे म्हटलं, अंश म्हटलं. पूर्णांक हा शब्द मात्र त्या म्हणायला तयार होईनात. "चार पूर्णांक पाच दशांश? मासळी उचलणाऱ्या माणसाला असं कोण सांगतं? साडेचार म्हणायचं." त्यांनी पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडे, पावणे असे वेगवेगळे शब्द म्हणून दिले. आणि वर म्हणाल्या, "सव्वाशे, दीडशे, अडीचशे. बघा, बोलायला अपूर्णांक आणि आकडा पुरा. तुमचा कर्नेल मराठीच दिसतोय."

शेवटचं वाक्य होतं 'दार लावा'. ते म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि हौसेराव पाणी प्यायला उठून बाहेर गेले. शेजारच्या कुकरनं शिट्टी दिली. विजयमालाबाई सकाळपासून बोलून दमल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, दार लावा."

दहा वेळा पुन्हा म्हणून बघितलं, पण एकदाही तसं जमलं नाही. बाकीचे सगळे 'दार लावा' सूचना वाटायचे. हा एकच खरा होता. शिट्टी कापून काढली, 'अहो' राहू दिलं. लोकांना काय, आदरानं म्हटलंय असं वाटेल, केतन म्हणाला. तसंच वाटलं. पुढची काही वर्षं ठाणे-बेलापूर रोडच्या दोन्ही अंगांना कितीतरी शीतगृहांत हमाल, ड्रायव्हर आणि सुपरवायझर या सगळ्यांना हौसेरावांची बायको 'अहो' म्हणत राहिली. त्यावरून ऑफिसात पुष्कळ चेष्टा झाली. विजयमालाबाई म्हणायच्या, "एवढे नवरे, आणि दार एकालाही लावता येत नाही."

मग त्या आजारी पडल्या. फुप्फुसं आकसत जाण्याचा आजार होता. शेवटी शेवटी नळीतून ऑक्सिजन चालू असायचा आणि बोलताना शब्दातलं एखादं अक्षर गळायचं. खरखर यायची आणि तिच्यात पुढचं बुडून जायचं. हौसेराव लांब रजेवर गेले. माघात त्या वारल्या. मुलगी उत्कर्षा पुण्याहून येऊन राहिली, मग तिलाही जावं लागलं. हौसेराव कामावर परतले.

ऑफिसात लोक विचारायचे, "कसे आहात सर?" ते म्हणायचे, "ठीक." खरं उत्तर दशांशात होतं आणि ते वर पाठवायची सोय नव्हती. लोकांनाही पूर्णांकच बरा पडायचा.

पावसाळा संपता संपता केतननं त्यांना केबिनमध्ये बोलावलं. केतन करावे गावचा, आगरी. बापाच्या जागेवर आता बिल्डिंग उभी होती आणि पोरगा कंपनीचा मालक झाला होता. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला प्रत्येक गोष्टीची घाई असायची.

"सर, आवाजाच्या कम्प्लेंट येतायत. खरखरतोय. रेकॉर्डिंग जुनं झालं. बदलून टाकू."

"फाइल जुनी होत नसते, केतन. ते काय दूध आहे नासायला?"

"मग खरखरते कशाला? मी एआयचा आवाज घेतलाय, एकदम क्लीन. चार भाषा. पुढच्या व्हर्जनला टाकतोय." केतननं खुर्ची पुढं ओढली. "मॅडमचा आवाज आहे, मला माहितीये सर. सेंटिमेंट समजतो मी. पण कस्टमर सेंटिमेंट घेत नाही ना."

हौसेरावांना तो शब्द झोंबला. माझ्या बायकोचा आवाज काढू नका, असं ते म्हणू शकले असते, आणि केतननं कदाचित ऐकलंही असतं. मेहेरबानी म्हणून. पण मेहेरबानीवर ठेवलेली वस्तू पुढच्या मीटिंगला निघते, हे त्यांना ठाऊक होतं. आवाज राहायचा असेल तर तो चुकलेला नाही म्हणून राहिला पाहिजे. ते म्हणाले, "खरखर कुठून येते ते मला बघू दे. फाइलमध्ये दोष निघाला तर बदल."

"बघा. पण व्हर्जन थांबणार नाही हां. टेन्शन घेऊ नका."

तक्रार होऊन परत आलेला एक डबा त्यांनी टेबलावर घेतला. थर्माकोलच्या पेटीत बर्फ भरला, सेन्सर आत सोडला, आणि झाकण उघडलं.

"अ... खर्र... दार लावा," डबा म्हणाला.

हौसेराव झाकण तसंच हातात धरून बसले. ऑक्सिजनच्या नळीआडून येणारा आवाज अगदी असाच होता. शेजारच्या टेबलावरच्या उन्नतीनं मान वर केली. उन्नती त्यांच्या हाताखाली तयार झालेली, पण आता स्वतःचं डोकं चालवणारी मुलगी होती. ती म्हणाली, "सर, मी करू का हे?"

"नको. तू ऐक फक्त."

झाकण बंद करून त्यांनी डब्याला सगळे आकडे ओळीनं म्हणायला लावले. उणे वीसपासून वरपर्यंत एकही शब्द फाटला नाही. झाकण उघडलं की मात्र पहिलाच शब्द फाटायचा. उन्नतीलाच आधी सुचलं. "सर, दार उघडलं की डबा तापमान जास्त वेळा वाचतो. आणि तेव्हाच बोलायलाही लागतो. दोन्ही एकदम."

"आणि बोलणारा प्रोग्राम दशांशात गणित करतो. डब्यातला तो एकटाच." हौसेरावांनी चष्मा काढला. "उन्नती, परातीत कोणीतरी हात घातलाय."

ती हसली. मग तिचं हसू गेलं. तापमान वाचणारा भाग तिनं उघडला. रजेच्या काळात कंपनीनं स्वस्तातला नवा सेन्सर घेतला होता. त्याचं तापमान काढायला एक अवघड सूत्र लागायचं, लॉगरिदमवालं. कोणीतरी ते इंटरनेटवरून उचलून दशांशांसकट कर्नेलमध्ये चिकटवलं होतं. असं काही कर्नेलमध्ये लिहिलं की, लिहिलेलं तपासून मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर तिथंच अडवतो, पुढं जाऊ देत नाही. इथं अडवलं नव्हतं, कारण या एका फाइलपुरतं अडवू नकोस असं त्याला लिहून दिलं होतं. हरकत घेणाऱ्याचं तोंडच बंद केलेलं. त्या ओळीच्या वर इंग्रजीत लिहिलं होतं: तात्पुरतं, डेमोपुरतं. खाली केतनचं नाव.

केबिनमध्ये केतन स्क्रीनकडं बघत राहिला. "हां सर, ते मीच. तुम्ही सुट्टीवर होता, क्लायंट बसलेला समोर. डेमो होता. चाललं ना."

"चाललं. तीच तर अडचण आहे."

"पण तापमान बरोबर येतंय. मी स्वतः चेक केलंय. मग चूक कशात आहे?"

"तापमान बरोबरच येणार. हात घालणाऱ्याची भाकरी कुठं बिघडते?"

केतननं ओठ दाबून हसू आवरलं. "मग आधी सेव्ह करायचं आणि नंतर परत ठेवायचं, असं काहीतरी असतं ना सर? बिगिन, एंड?"

"असतं. परात उचलून झाकून ठेवायची, आपलं काम करायचं, परत होती तिथं ठेवायची. आणि मधे डुलकी काढायची नाही. पण एवढ्याशा कामाला कशाला? तापमानाचा तक्ता करू. पाढ्यासारखा. हा आकडा आला तर एवढे सहस्रांश, आणि दोन आकड्यांच्या मधे आलं तर त्रैराशिक मांडायचं. सगळं पूर्णांकात."

"करा मग," केतन म्हणाला. स्वतःची चूक निघाली की तो लगेच उदार व्हायचा. "आत्याकडं लावून बघू पहिलं. ती बोलली ओके, तर नवीन आवाज कॅन्सल."

करावे गावात केतनची आत्या गोजराबाई हिचं मासळीचं शीतगृह होतं. कंपनीचा पहिला डबा तिथंच लागला होता आणि नवीन काही निघालं की आधी आत्याकडं जायचं.

तक्ता झाला. उन्नतीनं बर्फाच्या पेटीचं झाकण उघडलं आणि डबा म्हणाला, "अहो, दार लावा." स्वच्छ, दमलेला, जरा चिडका आवाज. त्या रविवारचा.

"सर, मॅडम चिडल्यात का इथं?"

"चिडलेलीच होती," हौसेराव म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना चहा प्यावासा वाटला.

पुढच्या आठवड्यात केतननं आलेख समोर ठेवला. डबा दाराचाही हिशेब ठेवायचा, किती वेळ उघडं, किती वेळ बंद. "सर, बघा. आवाज फाटलेला होता तेव्हा आत्याकडं दार पटकन लागत होतं. आवाज क्लीन झाल्यापासून उघडंच. लावायचं नावच घेत नाहीत."

हौसेरावांनी आलेख नीट पाहिला. आकडे खरे होते. सगळे पूर्णांक.

"याला काय म्हणायचं?"

"म्हणायचं काय? एक तर नवीन आवाज टाकतो. नाहीतर तुमचं ते फ्लोट, दशांशवालं, परत टाका."

"बग परत टाकू?"

"फीचर म्हणा."

"तुमचं म्हणू नकोस. ते माझं नव्हतं."

"माझं. ओके. माझं परत टाका."

उन्नती दारात उभी होती. तिला मदत करायची होती, म्हणून ती म्हणाली, "सर, कर्नेलमध्ये नकोच. खरखर आपण रेकॉर्डिंगमध्येच मिक्स करू. वरच्या वर. नियम पण मोडत नाही." केतननं टेबलावर थाप मारली. एकदम बरोबर बोलली, म्हणाला.

खरोखर बरोबर होतं. त्यात काढायला एकही चूक नव्हती. हौसेरावांनी फक्त एवढंच करायचं होतं की कॉम्प्युटरसमोर बसायचं, बायकोचा धडधाकट आवाज उघडायचा, आणि तो शेवटच्या दिवसांत जसा झाला होता तसा होईपर्यंत आपल्या हातानं बिघडवायचा. ते म्हणाले, "आधी दार का उघडं राहतं ते मी जाऊन बघतो."

"आलेखात दिसतंय ना सर."

"आलेखात किती वेळ ते दिसतं. का ते दिसत नाही."

करावे गावाच्या खाडीकडच्या टोकाला, गोजराबाईच्याच चार मजली बिल्डिंगच्या तळमजल्यावर ते शीतगृह होतं. बाहेर ओल्या फरशीवर कोळंबीचे क्रेट उतरत होते. गोजराबाई प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून माणसांना कामाला लावत होती. अंगानं आडवी, वयानं साठीच्या पुढची, नाकात मोठी नथ. शीतगृहाचं जाड दार सताड उघडं होतं, आणि आतून डबा सांगत होता, "अहो, दार लावा. सव्वापाच अंश." क्रेट उचलणारी दोघं-तिघं त्याच्या समोरून ये-जा करत होती. कोणाच्या कानावर काही जात नव्हतं.

"मी केतनच्या ऑफिसातून आलो, मावशी. डब्याचं काम मी बघतो."

"बरा झाला आलाव. बसा. हिरामण, साहेबांना खुर्ची दे." तिनं त्यांना नीट न्याहाळलं. "ती बाय कशाला बदललीत?"

"कोण बाई?"

"आतली. बोलते ती. जुनी चांगली व्हती. किती वरसं ऐकली आमी तिला. पावसाळ्यात तिला सर्दी झायली, आवाज बसला पार. पोरां बोलायची, थंडीत उभी राहून बायची छाती भरली, लाव रं दार. ह्यो हिरामण बघताव ना? ह्यो माजापन ऐकत नाय, बायकोचापन नाय. ह्यो पळत जाऊन दार लावायचा. आनि आता तुमी ही खडखडीत आनून ठेवलीव. पोरां बोलतान जुनी गेली, नवीन आयली. नवीनचा कोन ऐकतं?"

हिरामण खुर्ची ठेवता ठेवता म्हणाला, "नवीन जरा तोऱ्यातच बोलते."

हौसेराव खुर्चीवर बसले. इतक्या दिवसांत त्यांनी खूप शक्यता मनात मांडून बघितल्या होत्या. आवाज हळू असेल, भिंतीवर घुमत असेल, बिजागरी जड झाली असेल. ही शक्यता त्यांच्या तक्त्यात नव्हती.

"नवीन नाही, मावशी. तीच आहे."

"तुमाला कसा म्हाईत?"

"माझी मिसेस आहे ती."

गोजराबाईनं उघड्या दारातून आत, भिंतीवरच्या डब्याकडं बघितलं आणि मग पुन्हा हौसेरावांकडं. "तुमची? मंग आता बरी हाय ना?"

हा प्रश्न त्यांना माघापासून कोणी विचारला नव्हता. सगळे त्यांचंच विचारायचे. त्यांनी सगळ्यात जवळचा पूर्णांक दिला.

"बरी आहे."

"देवाची कृपा. डाक्टर कोन? माज्या जावंला पन छातीचा त्रास हाय. वरसभर खोकतेय. तुमच्या बायला एवढा चांगला गुन आला, तर तिला पन तिथंच नेऊ. नाव सांगा, हिरामण लिहून घेईल."

हिरामणनं खिशातून मोबाइल काढून अंगठा तयार ठेवला.

हौसेरावांनी त्या अंगठ्याकडं बघितलं. आतून डबा म्हणाला, "अहो, दार लावा. साडेपाच अंश."

"डॉक्टरांना नाही जमलं, मावशी," ते म्हणाले. "आवाज तेवढा बरा करता आला. तो आम्ही ऑफिसात केला."

गोजराबाईनं पदरानं हात पुसले, ते आधीच कोरडे होते तरी. हिरामण मोबाइल खिशात घालायचा विसरून उभा राहिला. एक टेम्पो टूं टूं करत मागं आला आणि थांबला.

मग ती खुर्चीवरून उठली आणि फरशीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ए पोरांनो, ऐका रं. ती नवीन नाय. जुनीच हाय. बरी झायली ती. आता परत दार उघडं टाकून तिला आजारी पाडलाव ना, तर एकेकाला घरी बसवीन."

"बरी झायली?" क्रेटमागून कोणीतरी विचारलं.

"झायली बोलते ना. तिचा मालक आलाय, हा काय बसलाय."

त्या दोघा-तिघांनी हौसेरावांकडं बघून माना हलवल्या. बाळंतपण नीट झालं की नवऱ्याकडं बघून हलवतात तशा. मग गोजराबाईनं फोन लावला.

"केत्या. ती बाय हाय तीच राहू दे. तुजी ती फोनवर ऐकवलीस ती नको. बँकेतली वाटते. पूर्नांक का काय बोलते, माज्या पोरांना कलत नाय. आनि ऐक, जरा धीरानं घे रं, सगल्यात हात नको घालू." तिकडून केतन काही सांगत होता. "त्यो आलेख तुज्यापाशी ठेव. उद्यापास्नं बघ."

फोन ठेवून ती म्हणाली, "झाला. च्या घेताव ना?"

"आधी सेन्सर बघून घेतो," हौसेराव म्हणाले. त्यांना दोन मिनिटं थंडीत उभं राहायचं होतं.

आत बर्फाचा आणि मासळीचा वास होता. सेन्सर जागेवर होता, तार नीट होती, बघण्यासारखं काही नव्हतं. डब्याचं झाकण धुळीनं माखलं होतं, ते त्यांनी रुमालानं पुसलं. श्वासाची वाफ दिसायला लागली तेव्हा ते बाहेर आले आणि खिशात रुमाल कोंबत सरळ चहाच्या दिशेनं चालू लागले.

"अहो, दार लावा."

हिरामण हातातला क्रेट टाकून दाराकडं धावला. गोजराबाईनं त्याला दंडाला धरून थांबवलं.

"तू नको रं. त्यांना बोलते ती."

हौसेराव मागं फिरले आणि त्यांनी दार लावलं.